भावाने दिलेला फोन

ती मुलगी ठाण्यात आली ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. अमरावती शहरातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. बंदोबस्ताच्या बैठकीहून परतलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक तरुण मुलगी आणि तिचा थोरला भाऊ बसलेले होते. भाऊ तावातावाने बोलत होता, मुलगी गप्प होती. ठाण्यात वर्षे काढल्यावर एक गोष्ट समजते. ज्याच्यावर प्रसंग ओढवलेला असतो, तो बहुधा कमी बोलतो. मी भावाला बाहेर बाकावर बसायला सांगितले, महिला शिपायाला बोलावले आणि मुलीला आत घेतले.

इथे कोणाचेच नाव देत नाही. मुलगी दर्यापूर तालुक्यातली. वडील ती लहान असतानाच गेले. भावाने स्वतःचे शिक्षण सोडून घरची फुलशेती सांभाळली. झेंडू-शेवंतीची पोती जीपमध्ये टाकून तो बाजारात आणायचा. बहिणीला त्याने नर्सिंगला घातले. ती अमरावतीत एका मैत्रिणीसोबत खोली करून राहत होती. अकोटच्या एका मुलाशी तिचे लग्न जमले होते.

"साहेब, माह्या पाठीवर डाग हायेत," ती म्हणाली. "कोडाचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इलाज आहे. त्याईले दाखवाले म्हणून फोटो काढला होता."

तो फोटो एके दिवशी अनोळखी नंबरवरून तिच्याच फोनवर आला. खाली लिहिले होते, 'हा सासरी पाठवू, की तू मला आणखी पाठवतेस?' ती घाबरली. जवळच्या दुकानात जाऊन तिने फोन पूर्ण कोरा करून घेतला, सगळे पासवर्ड बदलले. त्यावर त्याच नंबरवरून मजकूर आला, 'फोन धुतल्याने मी जात नाही.' तिने फोटो पाठवायला साफ नकार दिला. मग तो फोटो अकोटला गेला.

होणाऱ्या नवऱ्याला हे आपण स्वतः सांगायचे, असे तिने ठरवले होते. धीर गोळा करण्यात दिवस जात होते. तिने सांगण्याआधीच मुलाकडची वडील मंडळी दर्यापूरला गाडी घेऊन आली. चहा न घेता, फक्त पाणी पिऊन सोयरीक मोडल्याचे सांगून गेली. मुलाने नंतर तिचा फोन उचलला नाही.

"फोटो कोणाकोणाला माहीत होता?" मी विचारले.

"डॉक्टरीणबाई सोडून मले अन् माह्या मैत्रिणीले. तिनंच काढला होता."

बाहेर भावाचे म्हणणे ठाम होते. "त्या पोट्टीले उचला साहेब. दुसरं कोन करन?"

माझ्या मनातही पहिला संशय तिच्यावरच गेला. पण संशय हा तपासाचा आरंभ असतो, निकाल नव्हे. गुन्हा नोंदवून मी मैत्रिणीला वडिलांसह बोलावले. परतवाड्याची मुलगी. टेबलासमोर उभी राहिली आणि मी काही विचारायच्या आत आपला फोन पुढे ठेवला.

"घ्या साहेब, लागन तितके दिवस ठेवा. फोटो मीच काढला. तिचा हात पाठीवर पोचत नोता."

दोघी ठाण्याच्या व्हरांड्यात समोरासमोर आल्या. तक्रारदार मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "काहून केलं तू असं? मी तुह्यं काय बिघडवलं होतं?" मैत्रीण वडिलांच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेली. तिच्या वडिलांनी त्याच आठवड्यात खोली रिकामी केली. तिच्या फोनमध्ये आम्हाला आक्षेपार्ह काही सापडले नाही.

दरम्यान त्या अनोळखी नंबरची माहिती कंपनीकडून आली. सिमकार्ड मूर्तिजापूरकडच्या एका म्हाताऱ्या मजूर बाईच्या नावावर निघाले. तिच्याकडे एक साधा बटणांचा फोन होता, आणि त्यातला नंबर वेगळाच होता. माझ्या हवालदाराने तिला विचारले, सिम कोठून घेतले? ती म्हणाली, "अकोल्याच्या दुकानातून घेतलं ना बावा. त्यानं मले दोनदा अंगठा द्याले लावला. पयला उठला नाई म्हने."

हा जुना प्रकार. एका अंगठ्यावर गिऱ्हाइकाला एक सिम द्यायचे आणि दुसऱ्या अंगठ्यावर आणखी एक काढून आपल्याकडे ठेवायचे. पण अकोल्याच्या दुकानदाराला अमरावतीत शिकणाऱ्या मुलीच्या पाठीचा फोटो कसा मिळाला? तिथे आम्ही अडकलो. म्हणून दुकानाला लगेच हात लावला नाही, फक्त माणूस नजरेखाली ठेवला.

मुलीचा पुरवणी जबाब नोंदवताना मी तिला तिच्या फोनबद्दल साधे प्रश्न विचारत होतो. बोलता बोलता ती म्हणाली की बँकेचे ॲप तिच्या फोनवर कधी चाललेच नाही. उघडले की 'हा फोन सुरक्षित नाही' असे येऊन बंद पडते. फोन जुना असेल म्हणून तिने लक्ष दिले नव्हते. मलाही त्याचा अर्थ कळला नाही, पण जी गोष्ट आपल्याला कळत नाही ती ज्याला कळते त्याच्याकडे पाठवावी, हा माझा नेम होता. पंचनामा करून फोन सायबर ठाण्याकडे दिला.

तिथल्या अधिकाऱ्याने मला समोर बसवून समजावले. फोन 'रूट' केलेला होता. मी ते माझ्या भाषेत असे समजून घेतले. ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीची किल्ली एकाच कारकुनाकडे असते. मी निरीक्षक असलो तरी ती खोली मला परस्पर उघडता येत नाही. फोनचेही तसेच असते. प्रत्येक ॲपला आपापल्या खोलीपुरतीच मुभा, आणि सगळ्या घराची मुख्य किल्ली वापरणाऱ्याच्याही हाती नसते. रूट करणे म्हणजे ती किल्ली काढून घेणे. काही हौशी लोक आपल्या फोनवर पूर्ण ताबा असावा म्हणून असे करतात. पण एकदा ती किल्ली बाहेर आली, की पुढे आत कोण शिरले हे फोन सांगू शकत नाही. या फोनमध्ये ती किल्ली वापरून एक पाळत ठेवणारे ॲप अगदी आतल्या भागात बसवले होते. फोनमधले फोटो आणि फोनजवळचे बोलणेही ते दुसरीकडे पोचवत असे, पण पडद्यावर त्याचे चिन्ह नव्हते. आणि ते इतके आत होते, की फोन कोरा केला तरी ते जागचे हलले नाही.

"हे लांबून झालेलं नाही, सर," तो म्हणाला. "फोन हातात घेऊन, निवांत बसून केलेलं काम आहे. ॲप टाकल्याची तारीख ही मुलगी अमरावतीला येण्याच्या आधीची आहे."

मी भावाला बोलावले. या वेळी त्याला बाकावर बसवले नाही, माझ्या खोलीत खुर्ची दिली.

"बहिणीला फोन कोणी घेऊन दिला?"

"मीनंच, साहेब."

"कोठून?"

"अकोल्याहून." आणि त्याने दुकानाचे नाव सांगितले. म्हातारीने सांगितलेले तेच दुकान.

मी लिहिणे थांबवले. त्याला पाणी दिले. मी आवाज चढवला नाही, काही विचारलेही नाही. नुसते त्याच्याकडे पाहत राहिलो. चौकशीत गप्प बसणे फार कामाला येते. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उतरला आणि तो स्वतःच बोलू लागला.

"आमच्या गावातली एक पोट्टी शिकाले गेली अन् तिकडच्या तिकडं पयून गेली. मायनं धसका घेतला. दुकानदार म्हणे, फोन रूट करून देतो. तिले काईच समजत नाई. ती कुठी हाय, कोनाशी बोलून राहिली, सारं तुमच्या फोनवर दिसन. मी म्हटलं, द्या करून."

"पाठीचा फोटो तुला दिसला होता?"

त्याने मान खाली घातली. "दिसला. त्या दिवशी फुलं तोडली नाई. वावरातच बसून राहिलो. लय जीवाले लागलं साहेब. पण इचारू कसं? इचारलं असतं तर तिले समजलं असतं ना, मी पाहून राहिलो म्हणून."

बहिणीच्या दुखण्याची खबर त्याला घरात सगळ्यांआधी होती, आणि तिला धीर देण्याची सोय त्याने स्वतःच बंद करून टाकली होती. तो फोटो त्याने पाठवला नव्हता, हे मला त्याच्याकडे पाहून पटले. तरी नुसत्या पटण्यावर मी थांबलो नाही. त्याचाही फोन जप्त करून तपासायला दिला.

वरिष्ठांची परवानगी घेऊन, पंच सोबत घेऊन आम्ही अकोल्यातल्या त्या दुकानावर छापा घातला. दुकानदार तिशीतला, स्वच्छ कपडे, नम्र बोलणे. त्याच्या संगणकात सगळे उघड झाले. त्या ॲपवरचे भावाचे खाते त्यानेच तयार करून दिले होते, तेव्हा पासवर्ड त्याच्याकडेही होता. भाऊ जे पाहत होता, ते तोही पाहत होता. म्हातारीच्या नावाचे सिम गल्ल्याखाली सापडले.

चौकशीत त्याने फार वेळ घेतला नाही. त्याच्या बोलण्यात पश्चात्ताप मला ऐकू आला नाही.

"साहेब, मी कुलूप तोडलं नाही. दरवाजा तिच्या भावानंच उघडून घेतला. मी फक्त डोकावलो."

"आणि अकोटला फोटो पाठवला, ते?"

"ती ऐकून नाई राहिली म्हणून राग आला."

त्याच संगणकात आणखी काही स्त्रियांच्या फोनची खाती होती. कोणाच्या नवऱ्याने, कोणाच्या बापाने, कोणाच्या दिराने ते काम करून घेतले होते. आम्ही एकेका घरी गेलो. तक्रार द्या म्हणून समजावले. बहुतेक ठिकाणी बाईला आत पाठवून पुरुष दारात उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरचे आहे, आम्ही पाहून घेऊ. त्या बायकांना पुढे काय सोसावे लागले असेल, ते मला माहीत नाही. तक्रारीवर ठाम राहिली ती एकटी आमची मुलगी.

तिला खरे सांगायचे काम उरले होते. भाऊ म्हणाला, मीच सांगतो. महिला शिपायाला जवळ बसवून मी त्याला ती मुभा दिली. त्याचे सांगून झाले तेव्हा मुलीने एवढेच विचारले, "मी मैत्रिणीजवळ बसून रडत होती, ते पण ऐकलं काय दादा?"

"हो," तो म्हणाला.

ती रडली नाही. उठून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "साहेब, माह्या मैत्रिणीचा नंबर द्या. माह्याकडचा पुसला मी." तिने ठाण्यातूनच फोन लावला. मैत्रिणीने सगळे ऐकून घेतले. मग ती काय म्हणाली, ते मुलीने नंतर महिला शिपायाला सांगितले. "बरं झालं, सापडला. पण तू मले एकटीले बाजूले घेऊन इचारलं असतं, तर बरं झालं असतं." पुढे दोघींचे बोलणे झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

भावाला आरोपी करायचे की साक्षीदार, यावर सरकारी वकिलांशी बरीच चर्चा झाली. मुलीने त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला नकार दिला, आणि त्याच्या साक्षीशिवाय दुकानदारापर्यंतची साखळी जुळत नव्हती. तो साक्षीदार झाला. म्हणजे जे त्याने चोरून केले, ते त्याला भर न्यायालयात सांगावे लागणार होते. तो मागे हटला नाही.

बचावाच्या वकिलाने त्याला नेमके तिथेच धरले. "तुम्हीही पाहत होता, माझा अशीलही पाहत होता. फरक काय?"

"मी तिच्या चांगल्यासाठी पाहत होतो."

"तिला विचारलं होतं?"

"नाई."

मागच्या बाकावर बहीण बसली होती. ती उठली नाही, पण तिने नजर खिडकीकडे वळवली. दुकानदाराला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी भाऊ माझ्याजवळ आला, हात जोडले आणि निघून गेला.

नंतर एकदा तो मला फुलांच्या बाजारात भेटला. बहीण आता दुसऱ्या जिल्ह्यात एका रुग्णालयात नोकरी करते, लग्न केले नाही, असे त्याने सांगितले. सणाला आईसाठी घरी येते. त्याच्याशी नीट बोलते, त्याला जेवायला वाढते. "पण साहेब, मी खोलीत गेलो की फोन उलटा ठेवते," तो म्हणाला. "दरवेळेस." आणि समोरच्या ढिगातली झेंडूची फुले उगाच चाळत राहिला.

नोकरीत मी बरेच सराईत गुन्हेगार पाहिले. त्यांच्याबद्दल मन कधी घोटाळले नाही. या प्रकरणात मात्र सर्वांत मोठे नुकसान करणारा माणूस गुन्हेगार वृत्तीचा नव्हता. त्याने बहिणीला स्वतःच्या हिमतीवर शिकवले होते. तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला मात्र तो भ्याला. पाळत ठेवणारा घरचा असला म्हणून पाळत घरची राहत नाही. आपण ती वाट कोणासाठी पाडली, हे त्या वाटेवरून येणारा तिसरा माणूस विचारत बसत नाही. आज मुलगी शिकायला बाहेर निघाली की घराघरात भीती असते, ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या भीतीला पोलीस खात्यातल्या माणसाने द्यावे असे एकच उत्तर मला सापडले आहे. तिच्याशी असे बोलत राहा, की संकटात तिला पहिली आठवण तुमची व्हावी.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जातो. मागे तिथे एक गृहस्थ भेटले. मी पोलिसात होतो हे कळल्यावर जवळ सरकून म्हणाले, मुलगी पुण्याला शिकायला चालली, तिच्या फोनमध्ये काही बसवता येते का? मी त्यांना शेजारी बसवून ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मधे दोनदा डोळे पुसले. मग माझा हात धरून हळू आवाजात विचारले,

"खरं हाय साहेब. पण मंग हे काम करून देणारा भरवशाचा माणूस कुठी भेटन?"