तीन नंबरचा शर्ट

सांगलीत फुटबॉलवर बोलायला माणसं मिळतात, ऐकायला मिळत नाहीत. रोज संध्याकाळी मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बसतो आणि समोर पोरं खेळत असताना त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता जुन्या सामन्यांवर भांडतो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. माझ्या खालोखाल माझा एक मित्र. त्याची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय त्याला लागली, ती गिरणी विकल्यावरही सुटली नाही.

यंदा आमच्या मंडळाने आपल्या संघातल्या जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचं ठरवलं. अंतिम सामन्याआधी, भर मैदानात, शाल आणि नारळ. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, डाव्याला बोलवा. तरुण कार्यकर्ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कोण डावा?

डावा म्हणजे आमचा लेफ्ट बॅक. कवठे महांकाळकडच्या मेंढपाळ घरातला. सांगलीला हळदीच्या गोदामात पोती उचलायला आला आणि कुणीतरी त्याला पळताना बघून संघात घेतलं. गोदामातून थेट मैदानावर यायचा, त्यामुळे त्याचे पांढरे मोजे कायम पिवळे. तीन-चार हंगाम खेळला, मग वडील गेले आणि तो गावी परतला तो परतलाच. नावावर गोल एकही नाही. मंडळाच्या कार्यालयात संघाचा फोटो आहे, त्यातही हा नाही, कारण फोटोच्या दिवशी तो मेंढरांची लोकर कातरायला गावी गेला होता. फोटोत नाही म्हणजे खेळलाच नाही, असं ह्या नव्या पोरांचं गणित.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अरे, त्या अंतिम सामन्यात गोलकीपर चकल्यावर शेवटच्या क्षणी रेषेवर चेंडू छातीवर झेलला तो कुणी? तो आत गेला असता तर तुमच्या कपाटातला मोठा कप आज दुसऱ्यांच्या कपाटात असता. गिरणीवाल्याने मान डोलावली. त्याचा तीन नंबरचा शर्ट आम्ही दोघांनीही पायऱ्यांवरून आमच्या डोळ्यांनी पाहिला होता. शेवटी पोरं कबूल झाली आणि आमंत्रणाचं काम आमच्याच गळ्यात पडलं.

गिरणीवाल्याच्या मुलाची गाडी घेऊन आम्ही निघालो. मिरज मागे पडल्यावर बराच वेळ आमचं भांडण वाट कुठली यावर चाललं. पूर्वी ह्या भागात नुसतं कुसळ दिसायचं, आता कालव्याचं पाणी आलंय आणि द्राक्षबागा रस्त्याला येऊन भिडल्यात. डाव्याचं घरही बागेलाच लागून होतं. अंगणात थोडी मेंढरं बांधलेली आणि बाजेवर तो स्वतः, डोक्याला पटका, मिशा पांढऱ्याशुभ्र. मी ओळख सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, तोंडं वळखू येत न्हाईत, पर आवाज वळखला, तुमी लय शिव्या घालायचा. मला इतकं बरं वाटलं की काही विचारू नका. इतक्या वर्षांत माझ्या आरडाओरड्याची अशी दखल दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

त्याची बायको चहा घेऊन आली. पाव्हणं कुठलं, काय काम काढलंत, असं तिने विचारलं. आम्ही सांगितलं, सांगलीहून आलो, फुटबॉलच्या सत्काराचं आमंत्रण आहे. ती कपबश्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हंजी ह्ये खरंच खेळत हुते व्हय?"

डाव्याने मान खाली घातली. मग तिच्याकडूनच सगळं कळलं. लग्न झाल्यावर तो सांगायचा, मी सांगलीत खेळायचो, माणसांनी मैदान भरायचं, जिंकल्यावर आमच्या अंगावर गुलाल पडायचा. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की हा गोदामात पोती उचलायचा. फोटो नाही, कप नाही, सांगायला सोबती नाही. पोरं हसायची. गावात पारावर बसलं की लोक मुद्दाम फुटबॉलचा विषय काढून त्याची फिरकी घ्यायचे. होता होता त्याने तो विषयच सोडला. ती म्हणाली, आमीबी थापाच समजत हुतो.

हे ऐकून मला भडभडून आलं. गिरणीवाल्याला तर अवसानच चढलं. तो अंगणात उभा राहिला, दोन मेंढरांच्या मध्ये गोल धरला आणि त्या शेवटच्या क्षणाचा सगळा देखावा करून दाखवला. चेंडू कसा आला, गोलकीपर कसा पडला आणि डाव्याने छाती कशी पुढे केली. सून दारात येऊन बघत होती. बायको पदर तोंडाला लावून नवऱ्याकडे बघत होती, पण थट्टेने नव्हे. डाव्याने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"त्यो मी न्हवतो," डावा म्हणाला.

गिरणीवाला हात पसरून तसाच उभा.

मग त्याने शांतपणे सांगितलं. सामना संपत आला तेव्हा त्याच्या पायात गोळा आला आणि त्याला बाहेर काढलं. मंडळाकडे तेव्हा शर्टांचा एकच जोड होता. बाहेर येणाऱ्याने अंगातला शर्ट काढून द्यायचा आणि आत जाणाऱ्याने तो घामाने भिजलेला शर्ट घालून पळायचं, अशी रीतच होती. चेंडू अडवला तो त्याच्या जागी गेलेल्या पोराने. तो पोरगा पुढे लवकर वारला. आम्ही लांबून शर्टाचा नंबर पाहिला होता, चेहरा नाही.

"आदी त्याचं नाव घ्या," तो म्हणाला. "मग माझं घ्या, न्हाईतर नका घेऊ."

त्याच्याच घरात त्याचा शब्द इतकी वर्षं पडून होता. तो उचलून धरायला आम्ही पुरावा घेऊन आलो आणि त्याने तो पुरावाच परत केला. आता ही बाई काय समजेल, अशी धास्ती मला वाटली. ती कपबश्या गोळा करत होती. ती आमच्याकडे न बघता सुनेला म्हणाली,

"थापा मारायच्या असत्या तर आज मारल्या असत्या त्यांनी. म्हंजी बाकीचं समदं खरं हाय."

डाव्याने पटका काढला, झटकला, परत बांधला. मग बायकोने आम्हाला विचारलं, सत्कार कवा हाय. मी म्हटलं, रविवारी.

"मीबी येते," ती नवऱ्याला म्हणाली. "कुठं खेळत हुता ते दावा मला."

"तितं बसायला दगडी पायऱ्या हायत," तो म्हणाला. "गुडघं दुखतील तुझं."

"दुखू द्या की."