बिनमिठाचं ताट

आमच्या मॉर्न जोली गावात स्वयंपाक दोन तऱ्हेचा. मिठाचा जिवंतांसाठी, बिनमिठाचा मेलेल्यांसाठी. मयताच्या नवव्या दिवशी बिनमिठाचं एक ताट वाढायचं, दुसऱ्या ताटानं झाकून पांढऱ्या कापडावर ठेवायचं आणि तिकडं पाठ करायची. हे आमच्या ग्रेनाडा बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. म्हणून पुढचं सांगताना माझी जीभ अडखळते. एरवी ती अडखळते असं गावात कुणी म्हणणार नाही.

इग्नेशियस कादोर माझा शेजारी. शाळेत भूगोल आणि गणित शिकवायचा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तरी मी त्याला मास्तरच म्हणायचो, निम्मं आदरानं, निम्मं खोडीनं. बाप समुद्रात बुडून गेलेला. घरात तो आणि त्याची आई, मा फिलोमेन. युरोपातल्या नद्या तो पोरांकडून अशा घोकून घ्यायचा की शिवणयंत्रावर बसल्या बसल्या मलाही पाठ झाल्या. नीरफणसाच्या झाडावर चढायचं म्हटलं की मात्र त्याचे पाय लटपटायचे. असा हा माणूस बेचाळीस साली, महायुद्ध पेटलेलं असताना म्हणतो, मी इंग्रजांच्या हवाईदलात चाललो.

"मास्तर, तुला झाडावरून उतरवायला शिडी लागते," मी म्हटलं. "विमानाला कुठली लावणार?"

"सिल्बर्टकाका, मी विमान चालवणार नाही. नकाशा बघून वाट सांगणार."

"म्हणजे तिथंही मास्तरकीच! आणि बॉम्ब कोण टाकणार?"

तो हसला नाही. "दुसरा कुणीतरी. मी सांगेन तिथं."

निरोपाच्या रविवारी मी त्यांच्या अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढवला. नारळाच्या दुधात नीरफणस आणि खारवलेलं मांस. बाजूला एक लहान भांडं, त्यात मांस नाही, मीठ नाही. का, तर इंग्लंडात जेवणाला चवच नसते असं खलाशी सांगायचे. म्हटलं, मास्तरला आत्तापासून सवय लागू दे!

ताट वाढलं. माश्या बसू नयेत म्हणून वर दुसरं ताट झाकलं आणि पांढरं कापड घातलेल्या टेबलावर त्याच्यापुढं ठेवलं. शपथेवर सांगतो, आपण काय मांडतोय ते मला तेव्हा दिसलं नाही.

"घे मास्तर, विलायती जेवण!"

पहिल्या घासाला त्याचं तोंड असं झालं की अख्खं अंगण खिदळलं. सगळ्यांत मोठ्यानं मी. मग मा फिलोमेननं त्याच्या ताटात बोट बुडवून चाटलं, आणि एकेकाचं हसू बंद झालं.

"सिल्बर्ट, यात मीठ नाही."

"अगं मा, थट्टा केली..."

"इग्नेशियस, ऊठ."

तो उठला नाही. ताटात टाकायचं नाही असं त्यानंच पोरांना शिकवलेलं. "आई, या सगळ्या समजुती असतात," म्हणाला, आणि शेवटच्या घासापर्यंत जेवला. ती मिठाची वाटी धरून उभी होती. त्यानं घेतलं नाही.

बॉम्बफेकीच्या तीस फेऱ्या पुऱ्या केल्या की सुटका, मग घरी, असा तिकडचा नियम. मा फिलोमेननं टोपलीत तीस जायफळं ठेवली. पत्रात आकडा आला की तेवढी बाहेर काढायची. पत्राला यायला दोन महिने लागत. जायफळ काढताना आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.

तिला वाचता येत नसे, पत्रं मीच वाचायचो आणि दोन विनोद पदरचे घालायचो. एकदा त्यानं लिहिलं, "जिचं नाव लिहू देत नाहीत ती नदी मी शिकवायचो तिथंच आहे. रात्री ती चमकते आणि तिच्यामुळंच आम्हाला शहर सापडतं. हल्ली कशालाच चव लागत नाही." शेवटचं वाक्य मी गाळलं.

"आणखी काय लिहितो?"

"म्हणतो, सिल्बर्टकाकाची आठवण येते."

"खोटारड्या," ती म्हणाली.

टोपलीत आठ जायफळं उरली असताना तार आली, बेपत्ता. सात महिन्यांनी दुसरा कागद आला. त्याच नदीवर विमान पेटताना दुसऱ्या विमानातल्यांनी पाहिलं होतं. मृत समजावं. पुरायला काही नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही नऊ मोजले.

नवव्या दिवशी सकाळी मा माझ्या दारात उभी. हातात तेच लहान भांडं.

"तू शिजव. तुझ्या हातचं तो सगळं खातो."

मी तीन दगड मांडले, नारळ खवला, नीरफणस चिरला. ती शेजारी बसून बघत होती. दुधाला उकळी आली आणि माझा हात मिठाकडे गेला. चिमूट भांड्यावर आली तोच तिनं मनगट धरलं.

"घालू दे, मा. एवढं एकदा."

"आता नको," ती म्हणाली. "तेव्हा घालायचं होतंस."

मी चिमूट वाटीत सोडली. बोटांना चिकटलेलं मीठ तिनं आपल्या झग्याला पुसून घेतलं, एकेक बोट करून, भांड्यात एक कणही पडू नये म्हणून.