३-४ म्हणजे तीन एप्रिल नव्हे

आमच्या दाजींइतका आकड्यांच्या बाजूनं भांडणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उदगीरला गणित शिकवून निवृत्त झाले आणि वर्गातल्या पोरांची सुटका होताच त्यांचा सगळा संताप संगणकाकडे वळला. घराच्या पाटीवर रंगाऱ्यानं ‘०७’ऐवजी नुसतं ‘७’ काढलं, तर त्याला पुन्हा शिडीवर चढवणारा हा माणूस. आणि स्प्रेडशीटनं तर पुढचं शून्य त्यांच्या डोळ्यांदेखत गिळलं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. “मी लिहिलं ते दाखव. तुझं मत कुणी इचारलं?” असं पडद्याला दरडावत बसले. रकाना अरुंद पडून आकड्याच्या जागी ##### उमटलं, तेव्हा तर यंत्र आपल्याला शिवी देतंय अशी त्यांची खात्रीच झाली. पेपरात शिव्या अशाच छापतात म्हणे.

देवणीच्या गायी-बैलांच्या प्रदर्शनाची यादी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. जनावराचं वय ‘३-४’ वर्षं लिहिलं की यंत्र ‘तीन एप्रिल’ करी. “बैलाचं वय लिहिलं, तर हा त्याचा वाढदिवस सांगतोय!” दाजी फोनवर कडाडले. मी म्हटलं, प्रदर्शनाच्या दिवशी येतो, बघू.

मी पोचलो तेव्हा मैदानाच्या फाटकावर गोंधळ चालला होता. यादी छापून आली होती आणि गायींच्या कानातल्या बिल्ल्याच्या लांबलचक नंबराऐवजी ओळीनं सगळीकडे 3.4E+11 एवढंच होतं. म्हणजे यादीप्रमाणे प्रदर्शनात एकच गाय होती आणि तीच सगळ्यांची. पहाटेपासून गाय चालवत आलेल्या एका बाईला फाटकावरचा माणूस परत पाठवत होता. “मावशे, तुझा नंबर यादीत न्हाई.”

“कानात हाय की,” ती म्हणाली. “वाच.”

दाजींचा चेहरा लाल झाला. चाऱ्याच्या टेम्पोवर लॅपटॉप ठेवून म्हणाले, “पाव्हणं, कुठं घातले यानं माझे नंबर?”

“कुठं नाही, दाजी. आतच आहेत, फक्त दाखवायची तऱ्हा बदललीय.” रकाना निवडून मी फॉरमॅटमधून ‘नंबर’ केलं, दशांश काढून टाकले, रकाना रुंद केला. एकेक नंबर पूर्ण उभा राहिला. दाजींनी बाईच्या गायीचा कान धरून पडद्याशी ताडून पाहिला आणि फाटकावरच्या माणसाला म्हणाले, “आता सोड.”

वयांचं एवढ्यात भागलं नाही. तारखा बदलायला गेलो, तर तारखेमागचा यंत्राचा दिवसांचा हिशेब वर आला आणि बैल पंचेचाळीस हजार वर्षांचे झाले. शेवटी रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून सगळं नव्यानं लिहायचं ठरलं. पडद्यावरच्या तारखांवरूनच वयं उतरवा म्हटलं, तर दाजी ऐकेनात. “त्याचं सांगितलेलं मी लिहीत न्हाई.” मग उन्हात प्रत्येक मालकापाशी जाऊन, जनावराचे दात बघून वयं विचारत फिरले.

त्या बाईच्या गायीला बक्षीस मिळालं नाही. माणसं पांगली, तरी दाजी त्या गायीपाशीच, तिला गळ्याखाली खाजवत उभे होते. “हिचं नाव काय, मावशी?”

“हरणी.”

त्यांनी लॅपटॉपवरच्या यादीत आणखी एक रकाना काढला, नाव लिहिलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. नाव होतं तसंच राहिलं.

“नावाला हात लावत न्हाई हा,” ते हळूच म्हणाले, आणि बाकीच्या गायींची नावं विचारायला निघाले. तोवर निम्म्या गायी घरच्या वाटेला लागल्या होत्या.