तीस पत्त्यांचं आवतन

कुंभार पिंपळगावात लग्न निघालं, की मुलीच्या बापाला आचाऱ्याआधी साहेबराव आठवतात. आवतन सांगायचं काम त्यांचं. चार एकरांची शेती सांभाळून हा माणूस तीस वर्षं दारोदार हिंडतोय. कोणत्या घरी घरटी एक माणूस बोलवायचा, कुणाला चूलबंद, म्हणजे सगळ्या घरादाराला जेवायला सांगायचं, बांधावरून कुणाची कुणाशी बोलचाल बंद आहे आणि म्हणून पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आता लोक मोबाइलवर पत्रिका पाठवतात खरे, पण पाठवून झाली की हळूच साहेबरावांकडं येतात. कारण रुसलेला माणूस मोबाइलवरच्या पत्रिकेनं जागचा हलत नाही, आणि रुसवा काढण्यात साहेबरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. तीन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे चुलतभाऊ त्यांनी मांडीला मांडी लावून जेवायला बसवलेत.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात सून रुसून बसली होती, आणि तो रुसवा काही त्यांच्याच्यानं निघत नव्हता.

त्याचं असं झालं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या रामप्रसादचं लग्न झालं. सून संध्या जालन्याची, तिथंच एका ऑफिसात नोकरीला. लग्नात मानपानाच्या वेळी तिच्या वडिलांकडून, केशवरावांकडून, साहेबरावांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याला टोपी द्यायची राहून गेली. गोष्ट एवढीशी. पण साहेबरावांच्या अंगात रीत संचारली. भरल्या मांडवात ते बोलून गेले, "शहरात राहून माणसं रीत विसरली. पाव्हण्यांना टोपीचं बी भान न्हाई!" केशवराव हात जोडून उठले आणि रणरणत्या उन्हात स्वतः टोपी आणायला गेले. शालू नेसलेल्या संध्यानं ते बघितलं. साहेबरावांना त्याच रात्री आपलं बोलणं टोचायला लागलं होतं. पण सासऱ्यानं सुनेपुढं चूक कबूल करायची कशी, हे त्यांच्या तीस वर्षांच्या विद्येत कुठंच बसत नव्हतं.

पोरगी वागायला चोख. शनिवार-रविवारी दोघं गावी येत. चहा वेळेवर, पाया पडणं वेळेवर. सासूशी, बेबीनंदाशी, खिदळत बसायची. साहेबराव आले की गप्प. त्यांनी दहा वाक्यं बोलावीत आणि तिकडून "हो मामा" एवढंच यावं. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही रिकाम्या वेळी मोबाइलवर पत्ते खेळते. राजा-राणी-गुलामवाले पत्ते नव्हेत. खेळाचं नाव वीरगड. पत्त्यांवर नाग, वाघ, गरुड, यक्ष अशा कुळांचे वीर. खेळत जावं तसे नवे पत्ते मिळतात, जमलेल्यांतून तीस निवडून आपला संच करायचा आणि कुठल्यातरी अनोळखी माणसाचा गड पाडायचा. साहेबरावांनी रामप्रसादकडून तो खेळ आपल्याही मोबाइलवर घालून घेतला. ज्या घरी बोलणं होत नाही, तिथं आधी त्यांच्या आवडीचं निमित्त काढून जायचं, हा त्यांचा जुना डाव.

आठवडाभरात ते एकोणीस वेळा हरले.

"हरभरा वाळून राह्यला अन् तुम्ही वाघ काय नाचवून राह्यले?" बेबीनंदा रोज विचारायची.

शनिवारी संध्या ओसरीत मेथी निवडत बसली, तेव्हा साहेबराव मुद्दाम जवळ येऊन, आवाज मोठा करून खेळायला लागले. विसावा डाव गेला. संध्यानं मान वर केली नाही. एकविसावा निम्म्यावर आला तेव्हा तिच्या हातातली मेथी थांबली. बाविसाव्याला मात्र तिला राहवेना.

"मामा, तुमचा संच दाखवा बरं."

आठ महिन्यांतलं ते सगळ्यात लांब वाक्य. साहेबरावांनी मोबाइल इतक्या घाईनं पुढं केला, की मेथीत पडला.

"हे काय? प्रत्येक कुळातला एकेकच?"

"मंग! घरटी एक. कुणाला वगळलं की रुसवा आलाच."

संध्यानं ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आत राहिलं नाही. "पत्ते रुसत न्हाईत हो मामा. एका कुळातले पत्ते एकमेकांना जोर देतात. तुमच्या एकट्या वाघाला कोण साथ देणार? एकच कूळ धरा अन् ते सगळंच्या सगळं घ्या."

"म्हणजे चूलबंद!"

"बराबर, चूलबंद."

मग ती मेथी विसरूनच गेली. "अन् हे सगळे बडे बडे पत्ते कशाला भरले? पत्ता टाकायला तेज खर्चावं लागतं. पहिल्या पाळीला आपल्याकडं तेज असतं एक, मग पाळीगणिक एकेक वाढतं. हा गरुडराज मागतो आठ. तोवर तुम्ही हात चोळत बसता अन् समोरचा गड पाडून मोकळा. निम्मे पत्ते तरी एक-दोन तेजाचे पाहिजेत."

"बड्या माणसांना पहिल्या पंगतीला बसवावं लागतं, बाई."

"इथं न्हाई बसवायचं."

हे साहेबरावांच्या जिवावर आलं, पण त्यांनी ऐकलं. जुन्या पत्रिकेच्या पाठीवर ते एकेक लिहून घ्यायला लागले. नवा पत्ता घ्यायला मिळालेला पत्ता मोडून त्याचा चुरा करायचा नाही, कारण पुढं काय कामाला येईल हे नवख्याला कळत नाही. खेळातली रोजची कामं पुरी करायची, नवे पत्ते फुकट मिळतात. "अन् खिशातला रुपया घालायचा न्हाई. बिलकुल न्हाई," असं तिनं दोनदा बजावलं. नागांचा संच जमला. दुसऱ्याच डावाला साहेबराव जिंकले आणि असे काही ओरडले, की बेबीनंदा हातात लाटणं घेऊनच बाहेर आली.

रविवारी दुपारी तर संध्या आपण होऊन शेजारी येऊन बसली. नवा डाव उघडला. हातात चार पत्ते आले, त्यातले तीन महागडे.

"परत करा ते," संध्या म्हणाली.

"परत?"

"डाव सुरू व्हायच्या आधी एकदा नकोसे पत्ते परत करता येतात. हे काय बटन. आजवर दाबलंच न्हाई?"

"दारात आलेल्याला माघारी लावायचं व्हय?"

संध्या पोट धरून हसली. "अहो मामा, चुकीचं काही हातात आलं की ते परत करायची सोय आहे. त्यात कमीपणा कसला?"

साहेबरावांचं बोट बटनापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. मग मान खाली घालूनच म्हणाले, "संध्या, मांडवात तुझ्या वडिलांना मी टोपीवरून बोललो. ते चुकलं माझं. लई चुकलं. ते परत घ्यायचं होतं मला."

संध्याचं हसू थांबलं. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "माझ्यापाशी न्हाई मामा. ज्यांना बोललात, त्यांच्यापाशी." आणि स्वतःच्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावून तिनं तो सरळ त्यांच्या कानाला लावला.

तीस वर्षं लोकांची दारं वाजवलेल्या माणसानं आधी डोईवरची टोपी सारखी केली.

"पाव्हणं, साहेबराव बोलतोय. लग्नात तुम्हाला चारचौघांत बोललो. रीत तुम्ही विसरले नव्हते, मीच विसरलो होतो. माफ करा."

पलीकडून केशवराव म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या ध्यानात बी नसंल."

"रोज आठवत होतं."

"मंग इतके दिवस बोलले का न्हाई?"

"जमलं न्हाई, पाव्हणं."

केशवराव म्हणाले, "बरं झालं बोललात. मी बी उगंच मनात धरून बसलो होतो." आणि पुढं, "येत्या रविवारी येतो तिकडं."

फोन ठेवला तेव्हा साहेबरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्या पाठ फिरवून उभी होती, पदर तोंडाशी. मग ती एकदम वळली आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मामा, रडता काय! तुमची पाळी आलीय, घड्याळ पळून राह्यलंय. नाग टाका जल्दी!"

साहेबरावांनी गडबडीत भलताच पत्ता टाकला आणि हातातला डाव घालवला. त्यावर संध्यानं त्यांना चांगलं दहा मिनिटं झाडलं, लाडकी लेक बापाला झाडते तसं.