रुमालाखालचे सहा आकडे

मी वडवणीच्या एका बियाण्याच्या दुकानात कॉम्प्युटर चालवायला लागले, तेव्हा गावात कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचा शिकलेला भाऊ अशी समजूत होती. अंबाजोगाईला सहा महिन्यांचा कोर्स करून मी परत आले होते आणि केजचं एक स्थळ माझी वाट बघत होतं. त्या स्थळाकडे दोन ट्रॅक्टर होते आणि बोलायला विषयही तेवढेच. वडील म्हणाले, "नोकरी टिकली तर टिकव. सुटली की मात्र मी केजला होकार कळवणार." तेव्हा ती नोकरी मला टिकवायचीच होती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे मी जे सोसलं तो निव्वळ वेडेपणा वाटेल.

दुकान दोघा भावांचं. थोरले ते आप्पा, धाकटे ते काका. सगळं गाव त्यांना याच नावांनी हाक मारायचं. दोघांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे, दोघांचं नाक एकाच साच्यातलं आणि दोघांमध्ये तीन वर्षांचा अबोला. कारण विचाराल तर एक फेटा. आप्पांच्या मुलीच्या लग्नात काकांच्या सासऱ्यांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला. राहून गेला असं आप्पा म्हणायचे, मुद्दाम राहू दिला असं काका म्हणायचे. तेव्हापासून एकाच दुकानात दोन टोकांना दोन गाद्या आणि सगळं बोलणं मधल्या माणसामार्फत. मी आले आणि मधलं माणूस मी झाले.

"पोरी, त्यांला इचार, कपाशीचे खोके कुठं ठिवलेत?"

मी सहा फुटांवर जाऊन विचारायची.

"त्यांला सांग, डोळ्याम्होरंच हायेत."

मी परत सहा फूट येऊन सांगायची. पगार कॉम्प्युटरचा आणि काम टेलिफोन एक्स्चेंजचं.

त्यातच नात्यातल्या चार जाणत्या माणसांसमोर ठरलं होतं, की दिवाळी झाली की दुकानाची वाटणी करायची. दुकान फुटलं की बियाण्याच्या कंपनीची एजन्सी जाणार, एजन्सी गेली की कॉम्प्युटर जाणार आणि कॉम्प्युटर गेला की मी केजला जाणार. त्या दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्यावर माझा संसार टांगलेला होता, आणि तोही मला नको असलेला.

कॉम्प्युटर आला होता तो बियाण्याच्या कंपनीमुळे. कंपनीचा एक कॉम्प्युटर पुण्यात होता आणि तो आम्ही वडवणीत बसून टेलिफोनच्या तारेवरून चालवायचा, अशी नवी पद्धत निघाली होती. मोडेम किंचाळायचं, पडदा उजळायचा आणि पुण्याच्या ऑफिसातलं सगळं आमच्या खतांच्या पोत्यांमध्ये दिसायला लागायचं. सकाळी दहाला, वीज असली तर, त्यात त्या दिवसाची मागणी भरायची. भलत्याच कुणी आत शिरू नये म्हणून कंपनीने दाराला दोन कुलुपं केली होती. एक गुप्त शब्द, तो डोक्यात ठेवायचा. दुसरी एक काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, ती जवळ बाळगायची. डबीला इवलीशी काच होती, काचेत सहा आकडे होते आणि ते दर मिनिटाला बदलायचे. शब्द टाइप करून त्यामागे ते सहा आकडे मिनिटाच्या आत घातले तरच दार उघडणार.

हे दोघा भावांना समजावण्यात माझा दिवस जाईल असं मला वाटलं होतं. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. त्यांच्या वडिलांनी दुकानातली तिजोरीच मुळी दोन किल्ल्यांची घेतली होती, एक किल्ली थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे. एकट्याने उघडायची म्हटली तर उघडायचीच नाही.

"म्हंजे आपल्या तिजोरीवाणी," आप्पा मला म्हणाले. "शबूद माझ्यापाशी ऱ्हाईल."

"त्यांला सांग," काका म्हणाले, "डबी माझ्यापाशी."

मी पुण्याला फोन करून इंजिनिअरला हे कळवलं. तो बिचारा शांत, शुद्ध बोलणारा माणूस होता. "अहो मॅडम, दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असायला हव्यात."

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. "एकाच माणसाला द्यायचं व्हतं, तर दोन कुलपं कावून लावलीत?"

इंजिनिअरने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मलाही आजवर सुचलेलं नाही.

डबी कायम अंगावर बाळगायची, असं इंजिनिअरने बजावलं होतं. काकांनी ती पहिल्या दिवशी गळ्यात घातली. पण गळ्यात आधीच इष्टलिंग होतं आणि त्याच्या शेजारी ही प्लास्टिकची सवत काकूंना खपेना. मग डबी कमरेच्या करदोड्याला गेली. त्यामुळे रोज दहा वाजता काका भिंतीकडे तोंड करून धोतरात हात घालायचे आणि डबी बाहेर येईपर्यंत मिनिटातला पाव हिस्सा खलास व्हायचा. मग ते मला आकडे सांगायचे, मी ते आप्पांना सांगायची. आप्पांनी काकांचा आवाज स्वच्छ ऐकलेला असायचा, पण मी बोलेपर्यंत ऐकू आल्याचं दाखवतील ते आप्पा कसले. मग एका बोटाने, हातचं राखून, ते एकेक कळ शोधायचे. चौथ्या आकड्याला मिनिट संपायचं. पडदा म्हणायचा, चूक. काका म्हणायचे, "त्यांला सांग, बोट लई जड हाय." आप्पा म्हणायचे, "त्यांला सांग, करदोडा ढिला कर."

पाच वेळा चुकलं की पुण्याचं दार आपोआप बंद व्हायचं आणि इंजिनिअरला विनवण्या कराव्या लागायच्या. पहिल्या पंधरवड्यात ते चारदा बंद झालं.

तेवढ्यात एक भलतंच झालं. बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने काकांनी मोठ्याने सांगितलेल्या आकड्यातला शेवटचा आकडा मटक्याला लावला आणि तो लागला. झालं! दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच दुकानात बारा माणसं. एकालाही बियाणं नको होतं. कुणी कोपऱ्यात तंबाखू मळतंय, कुणी पंपाची नळी उगीच दाबून बघतंय. काका भिंतीकडे वळले की दुकानात चिडीचूप. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दाराबाहेर सायकली लागल्या. एक जण माझ्यावरच तापला: "काल येगळा आकडा, आज येगळा. एकावर ऱ्हावा की बाई!"

ही बातमी कंपनीच्या फिरत्या साहेबांनी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर ऐकली आणि पुण्यात पोचवली. इंजिनिअरचा फोन आला. या वेळी त्याचा आवाज शांत नव्हता. आकडा आणखी एका माणसाला जरी कळला किंवा दार आणखी एकदा जरी बंद पडलं, तर कॉम्प्युटर उचलून नेणार. "आणि हो, मॅडम, तुम्हालाही कळता कामा नये."

फोन ठेवला तेव्हा मला त्या ट्रॅक्टरांची घरघर ऐकू यायला लागली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी दुकानाच्या मधोमध उभी राहिले आणि दोघांपैकी कुणाकडेही न बघता ओरडले, "आता मी काही सांगणार नाही. काकांनी सरळ आप्पांना सांगायचं. नसेल जमत तर न्या म्हणावं कॉम्प्युटर."

मटकेवाले माना लांब करून बसले होते. घड्याळात दहा वाजले. काका उठले, सहा फूट चालून आप्पांच्या गादीशी आले, डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला आणि दोघांच्या मध्ये अंथरला. मग एका हातात डबी धरून दुसरा हात रुमालाखाली घातला.

आप्पांनी एकदा त्या रुमालाकडे पाहिलं आणि आपला हात खाली सरकवला.

त्यांचे वडील दुकान टाकण्याआधी बैलबाजारात दलाल होते हे मला तेव्हा कळलं. बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा आणि वर एक बोट की सहा. दोघे भाऊ हे लहानपणीच शिकले होते. अडलं ते फक्त शून्यापाशी, कारण बाजारात शून्य भावाचा बैल नसतो. तिथे काकांनी तळहात आप्पांच्या तळहातावर सपाट ठेवला असावा, कारण आप्पा क्षणभर थांबले आणि मग त्यांनी शून्याची कळ दाबली. चाळीस सेकंदांत पुण्याचं दार उघडलं. मला दोघांना मिठी मारावीशी वाटली. मटकेवाले शिव्या देत उठून गेले.

त्यानंतर दार एकदाही बंद पडलं नाही. रोज दहा वाजता रुमाल, रुमालाखाली दोन हात, आप्पांची नजर पडद्यावर आणि काकांची रस्त्यावर. अबोला मात्र जसाच्या तसा. दिवाळी आली, तेव्हा रब्बीचा हंगाम तोंडावर आहे, अशात कोण वाटणी करतं, असं दोघांनीही माझ्याकरवी एकमेकांना कळवलं आणि वाटणी गुढीपाडव्यावर गेली. केजवाले पाडव्यापर्यंत थांबायला तयार होते. माणसं चिवट होती.

संक्रांत झाली आणि इंजिनिअरचा फोन आला. आता डबीची गरज नाही. आकडा सरळ आप्पांच्या मोबाइलवर येणार; वडवणीला नुकताच टॉवर झाला होता आणि आप्पांनी मोबाइल घेतला होता. "आता एकच माणूस सगळं करू शकेल," तो आनंदाने म्हणाला. सहा फूट चालायला भाग पाडणारी एकच गोष्ट होती, तीही गेली.

काका जेवायला गेल्यावर मी आप्पांना हे सांगितलं. ते बराच वेळ कॅल्क्युलेटर पुसत बसले.

"काकाला सांगू नको," ते म्हणाले. "त्यला वाईट वाटंल. डबीला लई जपतो त्यो."

दुसऱ्या दिवशी दहाला काका आले, रुमाल अंथरला, आकडे दाबले. आप्पांनी मान हलवून ते घेतले आणि गल्ल्यात ठेवलेल्या मोबाइलवरचे आकडे चोरून बघत टाइप केले. असं दीड महिना चाललं. चोराच्या मनात चांदणं, तसे ते दर वेळी माझ्याकडे बघायचे.

मग एका सकाळी करदोडा तुटला आणि डबी घरंगळत माझ्या पायाशी आली. मी उचलून दिली. काच कोरी होती. एकही आकडा नव्हता.

"काका, ही तर बंद पडलीय."

काकांनी झटकन डबी मुठीत घेतली आणि आप्पा बाहेर आहेत ना ते पाहिलं. "म्हैना झाला असंल."

"मग रोज काय दाबता?"

"सुचंल ते. दादाचं मशीन उघडतंय न्हवं? मग झालं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "त्यला सांगू नको बरं का."

वर्षभर मी त्या दोघांचं सगळं सगळं एकमेकांना सांगत आले होते. हे एवढं मात्र गिळलं.

पाडव्याला चार दिवस उरले होते. दहा वाजले, रुमाल पडला, हात खाली गेले. त्या दिवशी काकांना काही सुचत नसावं, कारण बोटं हललीच नाहीत; रुमाल नुसता सपाट पडून होता. मिनिट गेलं, दुसरंही गेलं. आप्पांनी ना कळ दाबली, ना गल्ला उघडला. पडद्यावर नजर ठेवून ते म्हणाले,

"आज लई शून्यं यायलेत."

मी सवयीने काकांकडे वळले, सांगायला. पण आप्पांनी "त्यांला सांग" म्हटलंच नव्हतं.

"येतेत, दादा," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "कवाकवा येतेत."

मी मोडेम तसंच सोडलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी मागणी भरलीच नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर वडिलांना सांगितलं, केजला नकार कळवा.