गाळलेलं सहावं प्रकरण

सत्यशीला वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात प्रोग्राम लिहायची. शहराभोवती नव्या वसाहती उठत होत्या. त्यांच्या पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारं यंत्र हा कारखाना बनवायचा. २०१६चा उन्हाळा होता. टाक्या बांधून तयार, पाण्याचा पत्ता नाही, तरी यंत्रांना मागणी होती.

यंत्रातली चिप वेगळ्या प्रकारची. तिच्यासाठीचा प्रोग्राम साध्या संगणकावर तयार करून मग यंत्रात चढवावा लागे. तो तयार करणारं साधन लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीबरोबर फुकट मिळे, पण माहितीपुस्तिका सोबत येत नसे. सत्यशीलाचा प्रोग्राम बिनचूक तयार व्हायचा आणि यंत्रात गेला की गप्प पडायचा. अकरा दिवस ती तेच करत राहिली. या चिपला दशांशाचं गणित स्वतःहून जमत नाही, हे साधनाला एका शब्दात सांगावं लागतं. तो शब्द तिला शेवटी कुणा अनोळखी माणसाच्या जुन्या लेखात सापडला.

"हे कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे," ती कारखान्याच्या मुकुंद साहेबांना म्हणाली.

"तुला कळलं ना? मग झालं. पुढचं काम घे."

तिनं ऐकलं नाही. इंटरनेटवरची जुनी, अर्धवट पुस्तिका घेऊन तिनं ती सुधारली, सहाव्या प्रकरणात तो लेख घातला आणि कुणालाही संगणकावर बसवता येईल असं पॅकेज बनवून लिनक्सची आवृत्ती जुळवणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाठवलं.

ते परत आलं. पुस्तिकेतल्या फायलींची नावं दुसऱ्या पॅकेजमध्ये आधीच होती. दोन्ही एका संगणकावर बसत नव्हती. त्रेसष्ट नावं बदलली, आतले दुवे बदलले. पुन्हा परत आलं. सहावं प्रकरण कुणाचं? परवानगी कुठंय? तिनं लेखकाला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. लिनक्सच्या नव्या आवृत्तीत भर घालणं बंद व्हायला दोन दिवस उरले, तेव्हा स्वयंसेवकांनी कळवलं, ते प्रकरण काढा, बाकीचं घेतो.

गावाकडं चारा-पाणी संपल्यावर तिची आई, मंजुळाबाई, बजाजनगरला तिच्याकडं राहायला आली होती. ती बघत होती.

"लई दिस झाले, तेच लिहितीस. संपलं का?"

"संपलं. कामाचं तेवढं काढायला लावलं."

"मग देऊ नको."

"दिलं आई."

पॅकेज स्वीकारलं गेलं. महिन्याभरात पहिलं पत्र आलं: पुस्तिकेप्रमाणं सगळं केलं, प्रोग्राम यंत्रात चालत नाही. सत्यशीलानं दात ओठ खात त्याला तो शब्द कळवला. वर्षभरात अशी नऊ पत्रं आली. मग तिनं तो लेख बाजूला ठेवून सहावं प्रकरण स्वतःच्या शब्दांत पहिल्यापासून लिहिलं. पण निघालेल्या आवृत्तीत नवा मजकूर घालता येत नव्हता. पुढची आवृत्ती दोन वर्षांनी.

ती २०१९ साली निघाली, पुन्हा टँकर धावत होते तेव्हा. तोवर कारखान्यानं चिपच बदलली होती.

"आता ते कुणाला लागतंय?" मुकुंद साहेबांनी विचारलं.

"आपल्याला नाय लागत," ती म्हणाली आणि स्क्रीनकडं वळली. प्रकरण उघडून तिनं वाचायला घेतलं. दुसऱ्याच परिच्छेदात एक आज्ञा चुकीची छापली गेली होती. तिनं स्वयंसेवकांकडं चुका कळवायचा अर्ज उघडला आणि स्वतःच्याच पॅकेजविरुद्ध चूक नोंदवली.