कानसकाकी आणि धुराची खिडकी

कानसकाकींकडे झाडं कापायचा चेनसॉ नेला की त्या आधी आपल्यावरच चिडत. "पेट्रोलमध्ये ऑइल किती घातलंत?" हा पहिला प्रश्न. मी एकदा "असेल अंदाजे" म्हणालो. त्यावर मान वर न करता म्हणाल्या, "अंदाज आमटीत मिठाचा करा, गुरुजी. इंजिनात न्हाय."

म्हसळ्याहून दिघीला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या शेजारी बसून शिकल्या आणि तो गेल्यावर दुकान स्वतः चालवू लागल्या. कुणी विचारलं, "मिस्त्री कुठं गेले?" तर म्हणत, "तुमच्यासमोर बसलाय मिस्त्री. बोला."

त्यांचं खरं कसब सिलिंडरच्या आत होतं. त्याच्या भिंतीत भोकं असतात. काहींतून पेट्रोल आणि हवा आत येते, एकातून धूर बाहेर जातो. काकी त्यांना खिडक्या म्हणत. धुराची खिडकी कंपनी नेहमी चिंचोळी ठेवते, याचा त्यांना मनापासून राग. वहीचा कागद आत दाबून, पेन्सिल घासून त्या खिडकीचा ठसा घेत, त्यावर रेघ आखत, आणि सकाळच्या उजेडात ओट्यावर बसून बारीक गोल कानशीनं रेघेपर्यंतच घासत. मग कड गोल करत. ती करंगळीला जरा जरी लागली तरी कानस पुन्हा हातात. "जुना धूर निघाला तर नवं पेट्रोल येणार ना," एवढंच सांगत.

चक्रीवादळात माझ्या वाडीतले दोन फणस वाटेवर आडवे झाले. माझं मशीन खोडात अर्ध्यावर गेलं की गुदमरून बंद पडायचं. काकींनी खिडकी घासून दिली आणि तेच मशीन न अडखळता आरपार गेलं. त्या आठवड्यात आमच्या गावची वाट ज्या चेनसॉंनी मोकळी केली, ते बहुतेक काकींच्या हातचे होते. हे गाव किती लवकर विसरलं ते सांगायला मला लाज वाटते.

एक झाडतोडीचा ठेकेदार त्यांच्याकडे मशीन घेऊन आला. त्याला खिडकी दीडपट रुंद हवी होती. काकी म्हणाल्या, "पिस्टनची रिंग खिडकीत अडकंल. माणूस मरंल एखादा. मी करणार न्हाय." त्यानं ते दुसरीकडं ड्रिलनं करून घेतलं. चार दिवसांत, आंब्याची फांदी अर्धी कापलेली असताना रिंग तुटली, मशीन जागच्या जागी बंद पडलं. ठेकेदाराकडे मजुरीला असलेला किसन ते सोडवायला गेला आणि फांदी त्याच्या खांद्यावर आली. ठेकेदारानं गावभर सांगितलं, "बाईकडून मशीन करून घेतलं, त्याचं हे फळ."

ग्रामसभेत काकींनी ते मशीन मागवलं, सगळ्यांसमोर खोललं आणि सिलिंडर किसनपुढे धरला. त्याचा उजवा हात गळ्यात होता. डाव्या हाताचं बोट त्यानं आत फिरवलं. बोटाला रक्त आलं.

"ही कड काकींची न्हाय," तो म्हणाला. "काकींच्या कडेनं बोट कापत न्हाय."

पोटासाठी ठेकेदारावर अवलंबून असलेला माणूस हे बोलला. आम्ही बाकीचे, ज्यांना कुणाची भीती नव्हती, गप्प बसलो. सरपंच म्हणाले, "ते असू दे. पण हे काम बायकांचं नव्हे," आणि नळयोजनेचा विषय काढला. मीही उठलो नाही. त्यांचा राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा येतो.

मशीनं येणं थांबलं. काकी लेकीकडे पनवेलला निघाल्या तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. माफी मागायची होती, मी त्यांची पिशवी तेवढी गाडीत चढवून दिली. त्याच बोलल्या, "चुकले असते तर कान धरून उभी ऱ्हायले असते, गुरुजी. चुकले न्हाय, तरी कुणी बोललं न्हाय. ते जात न्हाय मनातून." मग खिडकीची काच ओढून घेतली.

गेल्या महिन्यात ठेकेदार माझ्या दारात आला. नवीन मशीन दमच धरत नाही म्हणाला, काकींचा नंबर आहे का विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "पण तो आधी ग्रामसभेत माग. सगळ्यांसमोर."

तो अजून आलेला नाही.